पुसलेली यादी

उल्हासनगर कॅम्प १ मधील आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले, रविवारच्या सूचना, वर्गणीचा हिशेब ही त्याची नित्याची कामे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनाही तो खुला असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारी मुले येतात, कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ हयातीच्या दाखल्याची चौकशी करायला येतात, कधी एखादी माउली आखातात गेलेल्या मुलाने पाठवलेली कागदपत्रे छापून मागते. चार माणसांच्या वापरातल्या अशा यंत्रात कोणाचे काही गुपित असेल, असे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मला आदल्या दिवशी डाउनलोड केलेला एक अर्ज हवा होता. तो कोठे ठेवला ते आठवेना, म्हणून डाउनलोड केलेल्या फायलींची यादी उघडली. यादी कोरी. अर्जच काय, महिन्याभरातील एकही नोंद शिल्लक नव्हती. संध्याकाळचे कार्यालय सांभाळणारा तरुण तेव्हा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होता. गायनवृंदात की-बोर्डही तोच वाजवीत असे. मी त्याला बोलावले.

"अरे, ही यादी कोणी पुसली?"

"मी, फादर. क्लीनर चालवला."

"कशासाठी?"

तो गप्प राहिला.

"असं काय होतं त्या यादीत?"

"फादर, तेवढं विचारू नका."

पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोकांची पापनिवेदने ऐकणाऱ्या माणसाला मौनाचे निरनिराळे प्रकार ओळखता यावेत, अशी अपेक्षा असते. मला ते आले नाहीत. विशीतला मुलगा, रात्री आठची वेळ, रिकामे कार्यालय आणि पुसलेली यादी. बाकीचे चित्र माझ्या मनाने स्वतःच रंगवले. मी त्याच्याकडून कार्यालयाची किल्ली काढून घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. पण त्याच रविवारी प्रवचनात मी असेही बोललो की, काही जण देवाच्या घरात बसून अशा गोष्टी करतात, की ज्यांच्या खुणा त्यांना मागाहून पुसाव्या लागतात. नाव घेतले नाही. मात्र किल्ली कोणाकडून गेली हे सर्वांना ठाऊक होते, आणि तो मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर की-बोर्डसमोर बसला होता.

त्या प्रकरणाकडे मी पुन्हा येईनच. आधी हे पुसणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते.

आपण कोणती फाइल, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता घेतली याची नोंद संगणकातील ब्राउझर एका छोट्या वहीत ठेवीत असतो. ही वही आणि ती फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वहीतील ओळ खोडली तरी फाइल जागेवर राहते. फाइल टाकून दिली तरी वहीतील ओळ शाबूत राहते. शिवाय विंडोज प्रणाली अलीकडे उघडलेल्या कागदपत्रांची यादी वेगळी ठेवते, चित्रांच्या चिमुकल्या प्रती वेगळ्या साठवते, आणि ही फाइल इंटरनेटवरून आली आहे असा शिक्का त्या फाइललाच चिकटवते. इतक्या कोपऱ्यांतून झाडू फिरवणे माणसाला जमण्यासारखे नाही, म्हणून त्यासाठी साधने निघाली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सीक्लीनर. आरंभी त्याचे नाव 'क्रॅप क्लीनर' होते. साध्या भाषेत, घाण काढणारा.

बरे, घाण खरोखर निघते का? पुष्कळदा नाही. जुन्या फिरत्या तबकडीच्या संगणकात फाइल पुसली म्हणजे केवळ अनुक्रमणिकेतून तिचे नाव जाते; ग्रंथपालाने सूचीतले कार्ड फाडावे, पण पुस्तक मांडणीवर तसेच राहावे, तसे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस ते पुस्तक शोधून काढू शकतो. नव्या पद्धतीच्या साठवणुकीत पुसलेले लवकर नाहीसे होते खरे. पण ज्या संकेतस्थळावरून फाइल आली त्याच्याकडे, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे नोंद राहू शकते, आणि तेथे आपला झाडू पोहोचत नाही. खुणा राहू नयेत म्हणून अनेक जण ब्राउझरची 'गुप्त' खिडकी उघडतात. त्या खिडकीतही आपल्यावर पाळत ठेवली जाते, असा दावा गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० साली दाखल झाला; २०२४ मध्ये तडजोड करताना त्या कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. म्हणजे त्या होत्या! आणि सफाई करणाऱ्याच्या हातांचे काय? ऑगस्ट २०१७ मध्ये वितरित झालेल्या सीक्लीनरच्या एका आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कार्यक्रम दडवून ठेवला होता. पुढच्या महिन्यात हे उघडकीला आले, तोवर सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली होती, आणि तीही कंपनीच्या अधिकृत सहीशिक्क्यानिशी.

आम्हां उल्हासनगरकरांना यात नवल वाटू नये. १९४९ साली सिंधी निर्वासितांच्या छावण्यांना हे नाव मिळाले. पुढे या शहराने ज्या धंद्यांत नाव काढले त्यांपैकी एक जीन्सचा. नवीकोरी विजार धुऊन, घासून, रंग उतरवून तिच्यावर जुनेपणाच्या खुणा उमटवायच्या, हे त्या कारागिरीचे एक अंग. विजारीवरून उतरलेला निळा रंग गेला कोठे? वर्षानुवर्षे तो नाल्यांतून वालधुनी नदीत जात राहिला. पुढे तक्रारी झाल्या, न्यायालयांपर्यंत प्रकरणे गेली, अनेक धुलाई कारखान्यांना टाळे लागले. कापडावरून रंग गेला होता. जगातून गेला नव्हता.

खुणा पुसण्याची हौस संगणकाबरोबर आलेली नाही. दावीद राजाची कथा आपण सर्व जाणतो, पण तिच्याकडे या नजरेने क्वचितच पाहतो. बथशेबेला दिवस गेल्याचे कळताच दावीदाने पश्चात्ताप केला नाही. त्याने सफाई सुरू केली. तिचा नवरा उरीया याला रणांगणावरून बोलावून घेतले, घरी जाऊन विश्रांती घे म्हणून सांगितले, जेणेकरून मूल त्याचेच ठरावे. उरीया घरी गेला नाही. सोबती रणात उघड्यावर असताना आपण घरचे सुख कसे घ्यावे, म्हणून राजवाड्याच्या दाराशीच झोपला. दुसऱ्या दिवशी राजाने त्याला मद्य पाजले. तरीही तो गेला नाही. अखेर सेनापती यवाबाला पत्र लिहिले: उरीयाला लढाईच्या तोंडाशी ठेवा आणि त्याला एकटा सोडून मागे हटा. हे पत्र नेले कोणी? खुद्द उरीयानेच. सेमिनरीत हा अध्याय शिकताना मी बथशेबेच्या प्रसंगाला पाप समजत होतो आणि पुढच्या भागाला त्या पापाची परिणती. आता वाटते, दुसरा भाग पहिल्यापेक्षा भयंकर आहे. पहिल्यात वासना होती. दुसऱ्यात हिशेब होता. आणि गंमत अशी, की एक खूण पुसण्याच्या खटपटीत राजाने स्वहस्ताक्षरातली दुसरी खूण निर्माण करून ठेवली.

माझे ते प्रवचन या कथेवर बेतलेले होते. दावीदाच्या जागी मी त्या मुलाला बसवले होते.

प्रवचनानंतर तीन-चार दिवसांनी धर्मग्रामातील एक विवाहित स्त्री मला कार्यालयात भेटायला आली. ती पापनिवेदनाला आली नव्हती. तसे असते तर यातली एकही ओळ मी लिहू शकलो नसतो. जे लिहितो आहे ते तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. पुढे तिचे प्रकरण न्यायालयात गेले असून आज ती माहेरी राहते, त्यामुळे लपवून तिचे रक्षण करण्याची वेळ टळली आहे. ती म्हणाली, "फादर, त्या पोराला बोलू नका. ती यादी माझी होती."

तिचा नवरा तिला मारीत असे. तिचा मोबाइल तो रोज रात्री तपासत असे; कोणाशी बोलली, काय पाहिले, सगळे. म्हणून ती कार्यालयातील संगणकावर आली होती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाची मराठी प्रत आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जाचा नमुना तिने त्या मुलाच्या मदतीने डाउनलोड करून छापून घेतला होता. आणि तिचा नवरा आमच्या हिशेब समितीवर होता. दर शनिवारी तो त्याच संगणकासमोर बसत असे. मुलाला हे ठाऊक होते. तिने काही न सांगताच त्याने यादी पुसली, एकच नोंद गेलेली डोळ्यांत भरेल म्हणून सगळीच पुसली, आणि मी विचारले तेव्हा गप्प राहिला.

मी त्या स्त्रीसमोर काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. पुसणे चांगले की वाईट, असा तो नाहीच. खूण कोणाची, हे आधी विचारले पाहिजे. त्या यादीतील नोंद एका स्त्रीच्या जखमेची होती. तिची खूण तिच्या मालकीची; ती कोणाला दाखवावी आणि कोणापासून झाकावी हे ठरवण्याचा अधिकार तिचा. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्कही नागरिकाला देऊ केला. "लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?" असे आपल्यातील सज्जन माणसे सहज म्हणतात. मीही म्हणत असे. हे वाक्य ज्याला कधी कोणाची भीती वाटली नाही अशा माणसाचे आहे.

दावीदाची खूण मात्र त्याची एकट्याची नव्हती. ती उरीयाच्या जखमेचीही होती. आपण दुसऱ्याला केलेल्या जखमेची खूण पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती त्या दुसऱ्याची आहे. त्याला न्याय मिळण्याची बहुधा तेवढीच वाट असते. कायदाही हेच मानतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज वा संगणकीय नोंद नष्ट करणे हा पूर्वीच्या दंड संहितेत गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. आपल्या जक्कयाचे पाहा. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन, असे त्याने प्रभूसमोर सांगितले. पण कोणाला किती? जकातदाराच्या वह्या असल्याखेरीज हा हिशेब होणार कसा? त्या दिवशी सकाळी उंबराच्या झाडावर चढण्यापूर्वी जक्कयाने आपले दफ्तर जाळून टाकले असते, तर मन हलके झाल्याचे समाधान त्याला कदाचित मिळाले असते. परंतु लुबाडलेल्यांच्या हाती छदामही पडला नसता.

येथे आपल्या घराबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मप्रांताच्या गुप्त दफ्तरातील नीतिविषयक खटल्यांची कागदपत्रे, दोषी व्यक्ती मरण पावली असेल किंवा शिक्षेच्या निवाड्याला दहा वर्षे झाली असतील तर, नष्ट करावयाची असतात. हकिकतीचा थोडक्यात गोषवारा आणि अंतिम निवाडा तेवढा राखून ठेवायचा असतो. या नियमामागे दया आहे, हे मी सेमिनरीत शिकलो आणि आजही नाकारीत नाही. पण नियमाबाहेरही पुष्कळ पुसले गेले. जर्मन बिशपांनीच करवून घेतलेल्या २०१८ च्या अभ्यासात काही ठिकाणी फायली नष्ट केल्याच्या वा बदलल्याच्या खुणा आढळल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनमधील परिषदेत कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी उघडपणे सांगितले, की बालकांवरील अत्याचारांची नोंद देऊ शकली असती अशी कागदपत्रे नष्ट केली गेली, किंवा मुळात तयारच केली गेली नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अशा खटल्यांवरील गुप्ततेचे विशेष बंधन काढून टाकले. उशीर झाला होता. ज्या फायली नष्ट झाल्या त्या बिशपांच्या नव्हत्या, ख्रिस्तसभेच्याही नव्हत्या. त्या त्या मुलांच्या होत्या.

पालक मला विचारतात, "फादर, मुलाच्या मोबाइलमधली यादी नेहमी पुसलेली असते, काय करावं?" माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही. चोरून पाहू नका. पाहायचेच असेल तर पाहणार असे आधी सांगा, आणि त्याच्यासमोर बसून पाहा. मुले वाईट गोष्टी पाहतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पाहतात, आणि त्यांतील काही गोष्टी ज्यांच्या देहांवर बेतलेल्या असतात त्यांच्या जखमांची खूण कोणत्याही क्लीनरने जात नाही, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. पण कोरी यादी हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तिच्यावरून एवढेच समजते, की या घरात कोणाला तरी कोणाची तरी भीती वाटते.

कुणी म्हणेल, तुमचे पापनिवेदनही एक प्रकारचा क्लीनरच की! हा आक्षेप एका चलाख मुलाने दृढीकरणाच्या वर्गात मला खरोखरच घेतला होता, आणि तेव्हा मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देईन. क्लीनर काही वाचत नाही; कळ दाबली की सगळे एकाच झाडूने जाते, अर्जही आणि अश्लील चित्रही. प्रायश्चित्त संस्कारात आधी नाव घ्यावे लागते. पुसण्यापूर्वी उच्चारावे लागते, तेही दुसऱ्या माणसाच्या कानात, आणि हीच त्यातली खरी अवघड गोष्ट. शिवाय पापाची क्षमा झाली तरी चोरलेला माल परत करण्याचे बंधन सुटत नाही. आणि ऐकणाऱ्यावरचे बंधन दुहेरी आहे. ऐकलेले सांगायचे तर नाहीच. पण पापनिवेदकाला बाधेल अशा रीतीने ते वापरायचेही नाही, गुपित फुटण्याचा धोका नसला तरीही. मोठमोठ्या कंपन्या आम्हांला आश्वासन देतात, की तुमची माहिती आम्ही कोणाला सांगणार नाही. वापरणार नाही, असे मात्र सहसा म्हणत नाहीत.

आता राहिले माझे. मी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. आईसमोर मागितली, कारण त्या प्रवचनाने लाज तिलाही वाटली होती. तो म्हणाला, "ठीक आहे, फादर." तेवढेच म्हणाला. पण वेदीवरून केलेला अन्याय घरात बसून फिटत नाही. खुलासा करावा तर त्या स्त्रीचे गुपित फुटते, कारण ती तेव्हा अजून नवऱ्याच्याच घरात होती. न करावा तर मुलावरचा डाग तसाच राहतो. पुढच्या रविवारी मिस्साबलीच्या शेवटी मी सांगितले, की मागच्या प्रवचनात मी एका निरपराध व्यक्तीवर संशय घेतला, ती माझी चूक होती, आणि त्यामागची हकिकत मी सांगू शकत नाही.

लोकांनी अर्थातच विचारले. प्रार्थनालयाच्या आवारात विचारले, समितीच्या बैठकीत विचारले. फादरांनी काहीतरी दडपले, असेही काहींनी ठरवून टाकले; ते अजून तसेच मानतात, आणि आता त्यांच्याजवळ जाऊन खुलासा करीत फिरण्याची मला इच्छा नाही. सर्वांत जास्त खोदून विचारणारे गृहस्थ हिशेब समितीचे होते. शनिवारी संगणकासमोर बसल्या बसल्या त्यांनी खुर्ची वळवली आणि म्हणाले, "फादर, आम्हांला तरी सांगा. नेमकं काय होतं त्या यादीत?"

मी म्हणालो, "तेवढं विचारू नका."

तो मुलगा आता अंबरनाथला नोकरीला लागला आहे. काही महिने तो गायनवृंदात आला नाही. नंतर नाताळला आला आणि आता अधूनमधून येतो. कार्यालयाची किल्ली मी त्याला दोनदा देऊ केली. "संध्याकाळी वेळ होत नाही, फादर," असे तो म्हणतो, आणि ते खरेही आहे. किल्ली संगणकाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे.